फुकट विजेची वाजवी किंमत

जगात काहीही फुकट मिळत नाही याची ज्यांना पक्की खात्री असते, ते लोक फुकट वस्तूची वाजवी किंमत मोजायला नेहमी तयार असतात. ज्यांना तशी खात्री नसते ते फुकट वस्तू फुकटच मागत बसतात, आणि त्यामुळे कुठल्याही विक्रेत्याच्या उपयोगाचे नसतात.

भिंगकाका पहिल्या प्रकारात मोडत. विमा कंपनीच्या दावे तपासणी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. खिशात कायम एक भिंग असायचं, त्यावरून हे नाव पडलं. लोकांचं नुकसान झालेलं नाही असं त्यांना पटवून देणं हे त्यांचं काम होतं, आणि ते त्यांनी मन लावून केलं. एकदा उजवा हात मोडलेल्या माणसाचा दावा त्यांनी अर्जावरची सही फार सुबक आहे म्हणून फेटाळला. (माणूस डावखुरा निघाला. पण हे कळेपर्यंत हात बरा झाला होता, त्यामुळे दाव्याला कारणच उरलं नव्हतं.) निरोप समारंभात साहेबांनी भर सभेत सांगितलं, की या गृहस्थांना फसवणारा अजून जन्माला यायचाय. तो त्याआधीच जन्माला येऊन चांगला मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला होता, पण साहेबांना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

काका, काकू आणि काकूंच्या आई इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत. त्या भागातली वीज दिवसातून केव्हाही जायची. वीज कार्यालय त्याला 'भार समायोजन' म्हणत असे. रहिवासी काय म्हणत ते छापण्याजोगं नाही. एकदा सासूबाई इमारतीतल्याच गायनशिक्षकांबरोबर लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मधोमध अडकल्या. शिक्षकांनी त्यांना धीर यावा म्हणून गायला सुरुवात केली आणि वीज परत येईपर्यंत थांबले नाहीत. बाहेर आल्यावर सासूबाईंनी जाहीर केलं, की लिफ्टला स्वतःची वीज मिळेपर्यंत आपण खाली पाऊल टाकणार नाही.

"जिने उतरायला गुडघे नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि लिफ्टमध्ये बसायला आता कान नाहीत."

यात खरं नुकसान पत्त्यांचं झालं. तळमजल्यावर दाईबाई राहत. निम्म्या वस्तीला त्यांनीच जगात आणलं होतं आणि आता त्यांच्या कमरेने त्यांनाच घरात बसवलं होतं. या दोघींचा रमीचा डाव कित्येक वर्षं रोज संध्याकाळी बसत आला होता. एकीला उतरता येईना, दुसरीला चढता येईना. मग दोघींनी फोनवर खेळायला सुरुवात केली. एक जोड वर, एक जोड खाली, आणि कुठलं पान आलं ते जिचं तिने सांगायचं. पहिल्याच संध्याकाळी दोघींकडे मिळून बदामाच्या सहा राण्या निघाल्या. त्यानंतर खेळ कमी आणि भांडण जास्त असं चालू राहिलं. पण सासूबाई संध्याकाळी खिडकीशी बसून खालच्या अंगणाकडे बघत राहायच्या, तेव्हा काकूंना आत जाऊन काहीतरी काम काढावं लागायचं.

इमारतीने जनरेटरसाठी वर्गणी जमवली होती. डिझेलवर चालणारा, धूर सोडणारा, कानठळ्या बसवणारा, म्हणजे कोणालाही समजेल असा जनरेटर आणायचा, असं ठरलंही होतं. तेवढ्यात मंडळाचे चिटणीस एक पत्रक घेऊन सभेला आले. चुंबकांच्या बळावर अखंड चालणारं यंत्र. इंधन नको, ऊन नको, वारा नको. एकदा घ्या, जन्मभर वीज फुकट.

सभेतले लोक काही दुधखुळे नव्हते. अशा यंत्रांच्या विक्रीत फसवाफसवी चालते हे सगळ्यांनी एकमुखाने मान्य केलं. बाजार नकली यंत्रांनी भरलेला आहे हेही मान्य झालं. आता नकली म्हणजे कशाची तरी नक्कल आली, आणि जिची नक्कल होते ती अस्सल वस्तू कुठेतरी असल्याशिवाय नक्कल होणार कशी? हे तर वादातीतच होतं. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की अस्सल कुठलं. त्यासाठी 'संभाव्य फसवणूक तपासणी उपसमिती' नेमण्यात आली आणि तिच्या प्रमुखपदी भिंगकाकांची निवड झाली. दुसरं नाव पुढे आलंच नाही. काका त्या दिवशी घरी आले ते वयाने बरेच कमी होऊन.

काकू एका छापखान्याचं मुद्रितशोधन घरी आणून करत. समोर आलेला कुठलाही कागद त्या लाल पेन घेऊनच वाचत. पत्रकात 'ऊर्जा' हा शब्द सगळीकडे 'उर्जा' असा छापला होता. त्यांनी तो सगळीकडे दुरुस्त केला.

"ज्याला स्वतःच्या मालाचं नाव लिहिता येत नाही, त्याच्याकडून माल कसला घेताय?" त्या म्हणाल्या.

काकांच्या मते हीच तर प्रामाणिकपणाची खूण होती. लबाड माणूस कागदपत्रात कधी चूक ठेवत नाही. त्यांनी आयुष्यभर बिनचूक कागदच फेटाळले होते.

"ते असू दे. पण अहो, ही वीज येते कुठून?"

"अगं, उपसमिती फसवणूक तपासायला नेमलीये," काकांनी शांतपणे समजावलं. "विज्ञान तपासायचं असतं तर वेगळी नेमली असती."

काकूंनी पत्रक घडी घालून परत दिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठल्या ठिकाणी पेन खाली ठेवायचं हे मुद्रितशोधकाला कळतं.

काकांनी कसोट्यांची यादी तयार केली. ती यादी खरोखरच उत्तम होती, हे इथे नमूद करायला हवं. पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नाही.

विक्रेता स्वतःला 'ऊर्जामित्र' म्हणवून घेई. अंगात साधा शर्ट, पायात झिजलेल्या चपला, आवाजात मार्दव. पहिली कसोटी अशी, की फसवणारा घाई करतो. ऊर्जामित्र म्हणाला, "काका, अजिबात घाई करू नका. तुमच्या मागे बरेच लोक थांबलेत, पण मी त्यांना थोपवून धरतो." काकांनी पुढे बरोबरची खूण केली. दुसरी कसोटी पत्त्याची. काका स्वतः पत्त्यावर जाऊन आले. दार होतं, दारावर पाटी होती, पाटीखाली भलंमोठं कुलूप होतं. (आत मौल्यवान काही नसतं तर एवढं कुलूप कोण लावेल?) तिसरी हमीपत्राची. लबाड लोक जन्मभराची हमी देतात. ऊर्जामित्राने कसलीच हमी द्यायला साफ नकार दिला. माझ्याच्याने खोटं बोलवत नाही, असं म्हणाला. काकांना त्याच्याबद्दल आदर वाटू लागला तो इथपासून.

चौथी कसोटी जुन्या गिऱ्हाइकांची होती. फसवणारे नेहमी खूश झालेली गिऱ्हाइकं दाखवतात, म्हणून काकांनी एखादं नाराज गिऱ्हाईक मागितलं. ऊर्जामित्राने जरा आढेवेढे घेतले आणि मग एक नंबर दिला. पलीकडचा माणूस खरोखरच चिडलेला होता. यंत्र इतकी वीज काढतं की ठेवायची कुठे ते समजत नाही, घरातले सगळे दिवे लावून दमलो, असं म्हणून त्याने फोन आपटला. एवढी खरी चीड काकांनी फक्त आपल्या खात्याबाहेरच्या बाकावर पाहिली होती.

पाचवी कसोटी अशी, की मोठमोठ्या कंपन्या आमचा शोध दाबून टाकायला टपल्या आहेत असं भोंदू लोक सांगतात. ऊर्जामित्राने कबूल केलं, की कुठल्याही कंपनीने त्याच्याकडे अजून ढुंकूनही पाहिलेलं नाही. एवढं सांगून तो थोडा उदास झाला. काकांनी चहा मागवला.

यादी वाचून झाल्यावर ऊर्जामित्र म्हणाला, "काका, तुमच्या यादीत एक मुद्दा राहिलाय. राग येणार नसेल तर सांगतो. काही लोक प्रात्यक्षिकात वायर लपवतात. ते बघितलं पाहिजे तुम्ही." काका थक्क झाले. चोर स्वतःहून कुलपाची किल्ली हातात देत नाही. (चोर नसलेले लोकही सहसा देत नाहीत, पण हा विचार काकांना नंतर सुचला.) त्यांनी तो मुद्दा स्वहस्ते यादीत घातला, आणि ऊर्जामित्राने यादीची एक प्रत मागितली तेव्हा खाली झोकदार सही करून, काकूंच्या लाल खुणांच्या पत्रकासकट दिली. तो म्हणाला, असा माणूस भेटायला नशीब लागतं. हे मात्र त्याने अगदी मनापासून म्हटलं असावं.

प्रात्यक्षिक तळमजल्यावर, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत झालं. दाईबाई दारात खुर्ची टाकून बसल्या आणि फोनवरून सासूबाईंना हकीकत सांगू लागल्या. पेटी आली, पेटीत चाक आहे, चाकावर चुंबकं आहेत, पेटी घरघरतेय, समोर दिवा लागलाय. मग त्यांनी विचारलं, की पेटीतून निघून भिंतीतल्या प्लगात गेलेली ती वायर कसली?

सगळ्यांचं लक्ष वायरकडे गेलं. ती चांगली जाड, पांढरीशुभ्र वायर होती. काकांनी खिशातलं भिंग काढलं, वाकून वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि उभे राहिले. वायर लपवलेली नव्हती. यादीत प्रश्न लपवलेल्या वायरचा होता.

"ती उत्तेजक वायर," ऊर्जामित्राने खुलासा केला. "यंत्राला सुरुवातीला थोडी वीज दाखवावी लागते. वीज कशी असते हेच त्याला कळलं नाही, तर ते तशी बनवणार कशी?"

गायनशिक्षकांनी मान डोलावली. तंबोऱ्याचा सूर कानावर पडल्याशिवाय त्यांनाही गाता येत नसे.

आणि नेमक्या त्या क्षणी इमारतीची वीज गेली. दिवा विझला. चाक दोन गिरक्या घेऊन थांबलं. जिन्याखाली अशी शांतता पसरली की दाईबाईंच्या फोनमधून सासूबाईंचा आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला.

"बंद पडलं ना?" त्या विचारत होत्या.

ऊर्जामित्र चूक कबूल केल्यासारखा मान खाली घालून उभा राहिला. बोलले ते काका. फसवायलाच आलेल्या माणसाने आत बॅटरी दडवली असती, असं त्यांनी उपस्थितांच्या निदर्शनास आणलं. इथे बॅटरी नाही. वीज गेली तसं यंत्रही सर्वांदेखत, उघडपणे बंद पडलं. इतक्या पारदर्शक प्रात्यक्षिकाची आपल्या उभ्या नोकरीत आपण नोंद केलेली नाही, असंही ते म्हणाले. चिटणिसांनी टाळ्या वाजवल्या, मग इतरांनी वाजवल्या. वर्गणीतून यंत्र आलं आणि लिफ्टला जोडलं गेलं.

काम चोख झालं. वीज असली की यंत्र जोरात चाले आणि लिफ्ट वर-खाली करे. वीज गेली की यंत्र थांबे. ऊर्जामित्राने फोनवर सांगितलं, की ही यंत्राची सहानुभूती अवस्था आहे. काही दिवसांत ते मन घट्ट करायला शिकेल. त्यानंतर त्याचा फोन नुसता वाजू लागला, मग वाजेनासा झाला, आणि मग असा क्रमांकच अस्तित्वात नाही असं एक बाई अतिशय गोड आवाजात सांगू लागल्या. महिनाअखेर इमारतीचं वीजबिल फुगून आलं. चिटणिसांना यातही आशा दिसली. वीज तयार होतेय, मीटरवर दिसतेय, असं ते म्हणाले.

काका रोज जिन्याखाली जाऊन यंत्रापुढे स्टूल टाकून बसत. दाव्याची फाईल उघडून बसावं तसे. यंत्राची काहीतरी बाजू असेल, ती ऐकून घ्यावी, असा त्यांचा चेहरा असे. घरी आले की कोणी काही विचारत नसे. त्यामुळे जेवण फार लांबायचं.

शेवटी रहिवाशांनी सभा बोलावली. विषय एकच होता, उपसमितीचा जाब. सभेच्या संध्याकाळी काका सदरा बदलत होते तेव्हा सासूबाई काठी घेऊन दाराशी उभ्या.

"कुठे निघालात, आई?" काकांनी विचारलं.

"खाली. जावईबापूंची इतकी वर्षं वाट बघितलेली फजिती आहे. ती काय फोनवर ऐकायची?"

त्यांना किती समजावलं तरी ऐकेनात. मग काका एका बाजूला, काकू दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक मजल्यावर कोणाच्या तरी घरातली खुर्ची बाहेर, अशी ही यात्रा जिना उतरू लागली. गायनशिक्षकांच्या मजल्यावर सासूबाईंनी खुर्ची नाकारली. तळाला पोचल्या तेव्हा त्यांचं तोंड लाल झालं होतं. दाईबाई दारात उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"सहा राण्या," दाईबाई म्हणाल्या.

"त्यातल्या चार तुझ्या," सासूबाई म्हणाल्या, आणि हात धरून आत गेल्या. सभेला त्या आल्याच नाहीत.

सभेत काकांनी अहवाल वाचला. प्रत्येक कसोटी कशी लावली, काय आढळलं, सगळं क्रमवार. निष्कर्ष असा, की तपासणी निर्दोष झाली असून तिच्यात कुठलीही त्रुटी नाही. लोक त्यांच्याकडे बघत राहिले. भांडायला आलेल्यांचीही पंचाईत झाली, कारण अहवालातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तेव्हा काकूंनी पिशवीतून एक पत्रक काढून नवऱ्यापुढे ठेवलं. त्या दिवशी ते त्यांच्या छापखान्यात कोणीतरी आणून टाकलं होतं. नवं, गुळगुळीत, रंगीत. 'नामवंत तपासनिसांच्या सर्व कसोट्यांना उतरलेलं एकमेव यंत्र.' खाली काकांची यादी जशीच्या तशी, आणि तिच्याखाली काकांची झोकदार सही.

काकांनी भिंग काढलं. सही त्यांचीच होती.

"आणि हे बघा," काकू हळूच म्हणाल्या. त्यांचं बोट एका शब्दावर होतं. नव्या पत्रकात 'ऊर्जा' सगळीकडे दीर्घ छापली होती. जुनं पत्रक लाल खुणांसकट परत करताना त्यांनी दुरुस्तीचे पैसेसुद्धा मागितले नव्हते.

दोघं नवरा-बायको सभेतून एकत्र उठले. जिना चढताना मधल्या एका मजल्यावर एक खुर्ची अजून बाहेरच होती. काका तिच्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. काकू कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "दीर्घ ऊ मीच दिला त्याला," आणि काकांना कित्येक दिवसांनी पहिल्यांदाच हसू आलं.

काही दिवसांनी वर दारावर टकटक झाली. बाहेर एक शिंपीणबाई धापा टाकत उभ्या होत्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं शिवणकामाचं छोटं दुकान होतं, शिलाई यंत्रं विजेवर चालत, आणि हातात ते गुळगुळीत पत्रक होतं. पत्रकावरच्या सहीचा माग काढत त्या इथवर आल्या होत्या. तक्रार करायला आल्या नव्हत्या. सगळं यादीप्रमाणे पारखून यंत्र घेतलं, फक्त वीज गेल्यावर ते चालू कसं करायचं तेवढं समजत नाही, असं त्यांचं म्हणणं. चूक आपलीच असणार, असंही त्या वर म्हणाल्या.

आयुष्यभर अशी माणसं काकांच्या टेबलापलीकडे बसत आली होती, आणि चूक आपलीच असणार हे त्यांच्याकडून वदवून घ्यायला काकांना बरेच कष्ट पडत. ही बाई ते घरूनच घेऊन आली होती. काकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ते चालू होणार नाही," ते म्हणाले. "माझंही झालं नाही. चूक तुमची नाही, बाई. फसवलं तुम्हाला. मलाही."

बाईंनी पत्रकाकडे पाहिलं. "मग ही यादी?"

"यादी बरोबर आहे," काका म्हणाले. "यादीत एकही चूक नाही."

शिंपीणबाईंबरोबर ते स्वतः पोलीस चौकीवर गेले. ड्यूटीवरच्या हवालदारांनी सगळं नीट ऐकून घेतलं. यंत्र नकली निघालं म्हणता, मग अस्सल कसं असतं, असं त्यांनी विचारलं. अस्सल नसतंच, काका म्हणाले. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. जी वस्तू नसतेच तिची नक्कल झाली अशी तक्रार घ्यायची तरी कशी, ही त्यांची अडचण होती. शेवटी मोठ्या मनाने त्यांनी ती 'वायरबाबत गैरसमज' या सदरात घेतली.

आता काकांना ठिकठिकाणी व्याख्यानाला बोलावतात. विषय, फुकट विजेच्या यंत्रांच्या विक्रीतली फसवणूक कशी ओळखावी. ते यादी दाखवत नाहीत. एकच प्रश्न विचारायला शिकवतात, ही वीज येते कुठून. सासूबाई दाईबाईंकडेच राहतात, कारण वर चढायचा प्रश्न अजून सुटलेला नाही आणि तो सुटावा अशी दोघींपैकी कोणाचीच इच्छा दिसत नाही. शिंपीणबाईंनी पायाने चालवायची जुनी यंत्रं पुन्हा बाहेर काढली आहेत. व्याख्यानाला सभागृह भरतं, लोक पोट धरधरून हसतात, वायरचा प्रसंग आला की एकमेकांना कोपरं मारतात. आणि संपल्यावर दर खेपेला तीन-चार माणसं मागे रेंगाळतात. सुशिक्षित, नीटनेटकी. गर्दी पांगली की ती काकांच्या जवळ येतात आणि आवाज खाली आणून विचारतात, की हे सगळं ठीक आहे हो, पण त्यातलं खरं यंत्र कोणाकडे मिळतं? असं यंत्र नसतं, काका सांगतात. ती माणसं समजूतदारपणे हसतात. स्वतः घेऊन ठेवलेलं दिसतंय, असं जिन्यात एकमेकांना म्हणतात.

वाचकांना अर्थातच असा प्रश्न पडलेला नाही. ते ही हकीकत निव्वळ करमणूक म्हणून वाचत आले आहेत. तरीही यात गावाचं, कंपनीचं आणि ऊर्जामित्राचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मागे एकदा ही हकीकत सांगताना ते दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या कुलूप लावलेल्या दारापुढे रांग लागली. रांगेतल्या प्रत्येकाने हकीकत शेवटपर्यंत ऐकली होती, आणि आपण काही त्या काकांसारखे भोळे नाही, असं तो पुढच्याला सांगत होता.